उचलून आणलेले खांब

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला ‘परदेशातील अनुभव’ असा विषय दिला होता. थंडी किती पडते, शेवग्याच्या शेंगा कुठे मिळतात आणि पगार साधारण किती असतो, एवढंच लोकांना त्यातलं ऐकायचं असतं, आणि ते चहाच्या सुट्टीत सगळं विचारून झालेलं आहे. त्यामुळे मी विषय जरा वळवून घेतला आहे. संयोजकांनी रागावू नये.

सकाळच्या सत्रात जुन्या इमारतीबद्दलचा ठराव वाचला गेला. पावसाळा संपला की इमारत उतरवायची, प्रार्थनेच्या सभागृहातले सागवानी खांब जपून काढायचे, आणि नव्या इमारतीपुढच्या बागेत ते उभे करून ‘स्मृतिमंडप’ बांधायचा. ठरावाला टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पश्चिमेची भिंत फुगली आहे, तिच्याखाली मुलं बसवू नयेत, असं तपासणी करणाऱ्या इंजिनिअरांनी लेखी दिलं आहे. मी इंजिनिअर असले तरी संगणकातली, भिंतींतलं मला कळत नाही, तेव्हा त्यांचा शब्द मी मानते. मला बोलायचं आहे ते फक्त त्या मंडपाबद्दल. आणि त्यासाठी तुम्हाला दहा-पंधरा मिनिटं इंग्लंडमधल्या एका बागेत घेऊन जाणार आहे. बघा, म्हणजे परदेशही आलाच.

लंडनच्या पश्चिमेला विंडसरचा राजवाडा आहे. त्याला लागून राजघराण्याचं विस्तीर्ण उपवन आहे, विंडसर ग्रेट पार्क. त्याच्या दक्षिण टोकाला अठराव्या शतकात तयार केलेला एक कृत्रिम तलाव आहे, त्याला व्हर्जिनिया वॉटर म्हणतात. आमच्या घरापासून गाडीने अर्धा तास. रविवारी हवा बरी असली की आमच्यासारखी आयटीतली निम्मी देशी कुटुंबं तिथे डबे घेऊन फिरायला येतात. तलावाच्या काठाकाठाने जाणाऱ्या वाटेवर झाडी जरा दाटते आणि एकदम समोर रोमन देवळाचे अवशेष उभे राहतात. दगडी खांबांच्या दोन रांगा. काही पूर्ण उंचीचे, काही अर्ध्यात तुटलेले, एखाद्या जोडीवर अजून आडवी शिळा पेललेली, गवतात लोळणाऱ्या शिळा. रांगा पुढे सरकत एका पुलाखालून पलीकडे जातात. पुलावरून खरोखरीची वाहतूक चालू असते, आणि पलीकडे खांबांची अर्धवर्तुळाकार मांडणी आहे. कुणालाही वाटावं, दोन हजार वर्षांपूर्वी इथे देऊळ होतं आणि काळाने त्याची ही गत केली.

इथे देऊळ कधीच नव्हतं. हे अवशेष अवशेष म्हणूनच बांधलेले आहेत.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिने विचारलं, ‘आई, हे खरं आहे का?’ याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. दगड खरे आहेत, अस्सल रोमन काळातले. देऊळ खोटं आहे. तिला मी तसं सांगितलं, तर ती म्हणाली, मग हे अर्धं खरं. मला ते उत्तर पटलं नाही, पण त्याहून बरं मलाही सुचलं नाही.

इंग्रजीत अशा बांधकामाला ‘फॉली’ म्हणतात. शब्दाचा अर्थ वेडेपणा. आपल्याकडे नेमका शब्द नाही. ‘हौसेची इमारत’ म्हणता येईल. अठराव्या शतकात तिथल्या जमीनदारांत ही टूम निघाली. बागेच्या टोकाला एखादा पोकळ बुरूज उभा करायचा, किंवा छप्पर पडलेलं चर्च बांधायचं. पडलेलं बांधायचं, हे लक्षात घ्या. दिवाणखान्याच्या खिडकीतून बघितलं की चित्रासारखं दिसावं, एवढाच त्याचा उपयोग. आपल्याकडे पडका वाडा म्हटलं की डोळ्यांपुढे भाऊबंदकी येते आणि कोर्टाच्या तारखा येतात. त्यांना त्यात कविता दिसायची. असो.

तर हे खांब कुठले? उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या लिबियात, त्रिपोलीच्या पूर्वेला लेप्टिस मॅग्ना नावाचं एक प्राचीन शहर आहे. या गावचा एक मुलगा, सेप्टिमियस सेव्हरस, पुढे रोमचा सम्राट झाला. इसवी सन १९३ ते २११ अशी त्याची कारकीर्द. मोठ्या हुद्द्यावर पोचलेल्या गावच्या मुलाने काय केलं असेल? गाव सजवलं! नवा चौक, नवं बंदर, खांबांच्या रांगांनी शोभिवंत केलेला रस्ता. आपण इथे पंख्यांची आणि संगणकांची देणगी देतो, त्याच जातीची ही गोष्ट, फक्त खजिना जरा मोठा. या कामासाठी त्याने तांबडा ग्रॅनाइट इजिप्तमधल्या अस्वानहून आणवला आणि हिरवट रेघांचा संगमरवर ग्रीसमधल्या एव्हिया बेटावरून. हे दोन्ही दगड आज व्हर्जिनिया वॉटरच्या काठी दिसतात. म्हणजे हे खांब लेप्टिसचे म्हणावेत, तर मुळात ते तिथलेही नव्हते. ते तिथेही आणलेलेच.

हा सेव्हरस मेला कुठे, माहीत आहे? इंग्लंडमध्ये, यॉर्क शहरात, २११ साली. त्याच्यामागून त्याच्या गावचे खांब इंग्लंडला पोचायला सोळाशे वर्षं लागली.

मधल्या काळात लेप्टिस ओस पडलं आणि त्यावर वाळू चढली. एका परीने वाळूनेच ते सांभाळलं. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या वकिलाने तिथले खांब जहाजांतून फ्रान्सला धाडले, चौदाव्या लुईच्या कामांसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांची पाळी आली. हॅन्मर वॉरिंग्टन हा त्रिपोलीतला इंग्रज वकील. १८१६ साली त्याने तिथल्या पाशाचं, युसूफ करमान्लीचं, मन वळवलं की लेप्टिसमधले काही अवशेष इंग्लंडच्या युवराजाला भेट द्यावेत. पाशाने दिले. पाशाच्या दृष्टीने ते वाळूतले दगड, आणि एका बलाढ्य राष्ट्राची मर्जी राखायला ते फार स्वस्त. विल्यम हेन्री स्मिथ नावाचा आरमारी अधिकारी प्रत्यक्ष जागेवर खोदकामाला गेला. तो काही महिन्यांनी परत गेला तेव्हा त्याने हेरून ठेवलेल्या खांबांपैकी कितीतरी स्थानिक लोकांनी फोडले होते, जात्याचे दगड करण्यासाठी.

या ठिकाणी वाचणाऱ्याला चटकन हळहळ वाटते. बघा, अडाणी लोक खांब फोडत होते, बरं झालं साहेबाने वाचवले. मला तसं म्हणवत नाही. जातं करणाऱ्याला निदान दळण दळायचं होतं. आणि वाचवण्यासाठी नेलं म्हणावं, तर नेल्यावर पुढे काय झालं ते ऐका.

‘वेमथ’ नावाच्या जहाजात माल भरला गेला. तीन खांब इतके अवजड होते की ते जहाजात चढलेच नाहीत, लेप्टिसच्या किनाऱ्यावर आजही पडून आहेत. बाकीचे मार्च १८१८ मध्ये इंग्लंडला पोचले. त्यांची यादी उपलब्ध आहे. ग्रॅनाइटचे खांब २२, संगमरवराचे १५, खांबांची शिरं १०, बैठका २५, कंगणीचे तुकडे १०, कोरीव लेखाच्या शिळा ५, आणि मूर्तींचे काही भग्न भाग. मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या धंद्याच्या सवयीने लगेच खटकलं. ही मालाची यादी आहे. कोणत्या जातीचा दगड, किती नग. कोणता खांब कोणत्या इमारतीतला, कोणत्या रांगेतला, त्याच्या शेजारी काय होतं, याबद्दल त्यात अक्षर नाही. किराणा दुकानदारही पोती कुठून आली ते लिहून ठेवतो.

मग हा सगळा माल लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या अंगणात आठ वर्षं पडून राहिला. आठ वर्षं! ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ते युवराज मधल्या काळात, १८२० मध्ये, चौथे जॉर्ज म्हणून राजे झाले. शेवटी १८२६ मध्ये त्यांच्या वास्तुशिल्पकाराने, जेफ्री वायटव्हिलने, हे दगड विंडसरच्या बागेत मागवून घेतले. लष्कराच्या इंजिनिअरांनी तोफांच्या गाड्यांवर घालून ते तलावापर्यंत ओढत नेले. या वायटव्हिलचं मूळ आडनाव नुसतं वायट. त्याच घराण्यात आणखी बरेच वास्तुशिल्पी असल्यामुळे त्याने राजाच्या परवानगीने त्याला ‘व्हिल’ जोडून घेतलं होतं. नाव सजवणाऱ्या माणसाने देऊळ सजवलं यात नवल नाही. त्याने खांब डोळ्यांना बरे दिसतील असे उभे केले. काही मुद्दाम मोडके ठेवले, काही शिळा मुद्दाम गवतात टाकल्या, आणि मधून जाणाऱ्या रस्त्याच्या पुलाचाही कमानीसारखा उपयोग करून घेतला. मांडणी सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पण लेप्टिसमधली कोणतीही इमारत अशी नव्हती. आणि त्या सगळ्याला नाव मिळालं ‘ऑगस्टसचं देऊळ’.

म्हणजे खांब सेव्हरसच्या गावचे, नाव ऑगस्टसचं, आणि मालकी जॉर्जची.

आता तिथे माहितीचा फलक आहे आणि त्यावर लेप्टिसचं नाव आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी नीट डागडुजीही झाली. पूर्वी लोक अवशेषांत थेट फिरत, आता कुंपण आहे. इकडे लेप्टिसला १९८२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, आणि लिबियातल्या यादवीमुळे २०१६ मध्ये ते धोक्यातल्या स्थळांच्या यादीतही गेलं. अलीकडे लिबियाच्या बाजूने हे खांब परत द्या अशी मागणीही झाली आहे. त्यावर आमच्या ऑफिसातल्या डब्याच्या टेबलावर एकदा चांगला अर्धा तास वाद झाला. एक सहकारी म्हणाला, पाशाने राजीखुशीने भेट दिली होती. दुसरी, ती मूळची ट्युनिशियाची, लिबियाच्या शेजारची, म्हणाली, पाशाने भेट दिली, पण ज्यांच्या गावातून नेलं त्यांना कोणी विचारलं? दोघंही आपापल्या जागी ठाम होते. मी पराठे खात ऐकत होते, आणि माझ्या डोक्यात सारखी आपली शाळा येत होती, कारण त्याच आठवड्यात आपल्या ग्रुपवर स्मृतिमंडपाचं संकल्पचित्र आलं होतं.

त्या चित्रात बारा खांब गोलाकार उभे आहेत, मध्ये कारंजं आहे, दोन खांब मुद्दाम अर्धवट ठेवले आहेत. खाली टीप आहे, ‘जुन्या काळाचा आभास निर्माण व्हावा म्हणून’. ज्यांनी चित्र काढलं ते आपलेच माजी विद्यार्थी आहेत, हौसेने आणि फुकट काढून दिलं आहे, त्यांना हिणवण्याचा माझा हेतू नाही. पण मित्रहो, आपल्याला आभास कशाला हवा? आपला जुना काळ आहे की. समोर बसला आहे, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत.

प्रार्थनेच्या सभागृहातले खांब तुम्हाला आठवतात का? आपण दहा वर्षं रोज त्यांच्यामध्ये हात जोडून उभे राहिलो. बारा खांब. त्यांतले आठ साधे चौकोनी आहेत. आणि उत्तरेच्या बाजूचे चार खांब सुरूच्या झाडासारखे, खाली फुगीर आणि वर निमुळते, वरच्या बाजूला केळफूल कोरलेले. पेशवाईतल्या वाड्यांत असतात तसे. त्यांचे दगडी तळखडेसुद्धा वेगळे आहेत, बाकीच्यांपेक्षा चार बोटं उंच. एकाच दालनात दोन तऱ्हेचे खांब का, असा प्रश्न दहा वर्षांत माझ्या मनात आला नाही. मुलं खांब बघत नाहीत, खांबामागे लपता येतं का ते बघतात.

दुसरी गोष्ट, तुळईची कडी. व्यासपीठाच्या डाव्या हाताच्या तुळईला एक जाड लोखंडी कडी आहे. आपण तिला स्वातंत्र्यदिनी पताकांची दोरी बांधायचो आणि दिवाळीच्या सुट्टीआधी आकाशकंदील लावायचो. शाळेच्या छताला एवढी भक्कम कडी कशासाठी?

काल रात्री मी इतिहासाच्या बाईंना फोन केला. बाई आज समोर आहेत, चुकलं तर त्या जागेवरूनच दुरुस्त करतील, त्यांची सवय गेलेली नाही. बाई म्हणाल्या, शाळेत रुजू झाल्यावर त्यांना तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं की शाळेची इमारत बांधताना सगळं लाकूड नवं घेणं परवडलं नाही. त्याच सुमारास नदीकाठचा एक वाडा उतरवला जात होता. त्या घरच्या आजींनी चार खांब आणि काही तुळया शाळेला दिल्या. कडी असलेली तुळई त्या वाड्याच्या माजघरातली. ती पाळण्याची कडी आहे.

पाळण्याची कडी. आपण जिला पताका बांधत होतो, तिला कोणाकोणाची बाळं झोपवली गेली असतील.

म्हणजे आपली शाळासुद्धा उचलून आणलेल्या सामानाची आहे. लेप्टिसच्या खांबांसारखंच, हे खांब शाळेचे म्हणावेत तर त्याआधी ते दुसऱ्या कोणाच्या तरी घरचे. आणि हे सांगणारी माणसं आज दोन उरली आहेत. एक बाई, आणि दुसरे आपले शिपाईमामा. मामांना त्याहून जास्त माहीत आहे. कोणती खुंटी कोणी ठोकली, कोणता तळखडा पुराच्या वर्षी बदलला, कडीपाटाच्या कोणत्या फळीवर सुताराने कोळशाने हिशेब लिहून ठेवला आहे. हे त्यांनी मला आज सकाळी पंधरा मिनिटांत सांगितलं, एका हाताने चहाचे पेले आवरता आवरता. कोणत्याही कागदावर यातलं काही नाही. संस्थेच्या दप्तरात मी चौकशी केली. इमारतीबद्दल तिथे आहे तो वीजजोडणीचा अर्ज आणि कौलं शाकारल्याची पावती.

आता माझ्या धंद्यातलं थोडं सांगते, फार नाही. आम्ही लोक नवी प्रणाली लिहितो तेव्हा जुन्या प्रणालीतले चांगले चालणारे तुकडे उचलून घेतो. त्यात कमीपणा काही नाही. पण तुकडा कुठून आला, कोणी लिहिला होता, कशासाठी, हे शेजारी लिहून ठेवण्याचा दंडक आहे. तो पाळला नाही की काय होतं? माझ्या एका जुन्या नोकरीत चाळीस ओळींचा एक तुकडा होता, त्याच्यावर फक्त एवढंच लिहिलेलं: ‘याला हात लावू नका.’ लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. तो तुकडा काय करतो हे कोणालाच माहीत नव्हतं आणि काढायची कोणाची छाती नव्हती. पंधरा वर्षं तो तसाच देवासारखा जपला गेला. खांबांचं उलट होतं. ज्याचा ठावठिकाणा लिहिलेला नाही तो खांब बिनधास्त विकला जातो.

ही अतिशयोक्ती नाही. आपल्याच पेठेतले किती वाडे गेल्या वीस वर्षांत उतरले ते तुम्ही इथे राहणारे मोजून सांगाल. लाकूड घेणारे शहरांतून येतात. कोरीव खांब, गणेशपट्टी, दरवाजाची चौकट नगावर जाते आणि बाकीचं वजनावर. गेल्या खेपेला येताना हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात जेवायला थांबलो. आत चार सुंदर सागवानी खांब, चकचकीत पॉलिश केलेले. वर बघितलं तर खांब आणि सिमेंटच्या छताच्या मध्ये बोटभर फट. खांबाने काहीच पेललेलं नाही. वेटरला विचारलं, कुठले हो हे? तो म्हणाला, ‘अँटिक आहेत मॅडम.’ गाव विचारलं होतं, भाव सांगितला.

याउलट करता येतं, हेही आपण शाळेतच बघितलं आहे. आठवीच्या सहलीत पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो होतो, आठवतं? त्यात मस्तानी महाल नावाचं दालन आहे. कोथरूडला मस्तानीचा महाल होता, त्याचे अवशेष केळकरांनी मिळवले आणि संग्रहालयात पुन्हा जोडून उभे केले. तेही उचलून आणलेलंच. पण आत शिरणाऱ्याला कळतं की हे कोणाचं, कुठलं, आणि इथे कोणी आणलं. तेव्हा आपलं सगळं लक्ष बाहेरच्या आइस्क्रीमच्या गाडीकडे होतं, तो भाग सोडा.

तर माझं म्हणणं असं. मंडप जरूर बांधा. पण एकही खुंटी उपटण्याआधी प्रत्येक खांबाला, तुळईला, तळखड्याला नंबर घाला. सभागृहाचा नकाशा काढा आणि कोणता नंबर कुठे होता ते त्यावर मांडा. लांबी, जाडी, नक्षी, फोटो. बाईंचं आणि मामांचं सांगणं त्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करा आणि लिहून काढा. दोघांचं एखाद्या बाबतीत जुळलं नाही तर दोन्ही लिहा. मंडपात खांब गोलाकार नको, ज्या क्रमाने ते सभागृहात होते त्याच क्रमाने आणि तेवढ्याच अंतरावर उभे करा. चार सुरूदार खांब उत्तरेलाच. म्हणजे ज्याला आपल्या दहावी-बच्या रांगेची जागा शोधायची आहे त्याला ती पावलं मोजून सापडेल. कडीची तुळई त्यांच्यावर बसवा, खरंच वजन पेलणारी. कारंजं बाजूला कुठेतरी जाऊ दे, त्याला कोणी नाही म्हणत नाही. आणि मोडका खांब एकही नको. सागवानी खांब करवतीने कापून ‘जुना’ करायचा, हे ऐकूनच आपल्या सुतारकामाच्या सरांचा जीव कासावीस झालेला मी सकाळी बघितला.

मंडपात न लागणारं जे सामान आहे त्याचीही यादी करा, मालाची नव्हे, ठिकाणांची. आणि यादी झाल्याशिवाय त्यातली एक फळीही कोणाला देऊ नका. वजनावर तर नाहीच.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. ठरावाच्या सातव्या कलमात म्हटलं आहे की प्रत्येक खांबावर एका देणगीदाराचं नाव संगमरवरी पाटीवर कोरण्यात येईल. बारा खांब, बारा देणगीदार. पैसा उभा करण्याची ही रीत मला समजते. त्या बारांत एक नाव माझं आहे, हेही मला आज सकाळी कळलं. मिळणारा खांब उत्तरेकडचा दुसरा. म्हणजे नदीकाठच्या आजींनी दिलेल्या चारांतला एक.

त्या आजींचं नाव बाईंना आठवत नाही. मामांना फक्त आडनावाचा अंदाज आहे, आणि अंदाजावर मी इथे कोणाचं नाव घेणार नाही. ज्या बाईने घर मोडताना शाळेला चार खांब दिले तिचं नाव कुठेही नाही, आणि विलायतेतून पैसे पाठवणारीचं नाव त्याच खांबावर संगमरवरात. माझी देणगी मी दिली आहे, ती परत घेत नाही. पण माझ्या नावाची पाटी त्या खांबावर लावू नये, ही माझी कमिटीला विनंती आहे. बाकीच्या अकरांनी काय करावं हे मी सांगणार नाही, ते त्यांनी ठरवायचं. देणगीदारांची यादी दारापाशी एका फलकावर लावली तर कोणाचा मान कमी होईल असं मला वाटत नाही. खांबाजवळ मात्र खांबाचीच हकिकत असावी: आधी कुठल्या वाड्यात होता, मग शाळेत कुठे होता, इथे केव्हा आला. ज्याची हकिकत लागली नाही त्याच्याजवळ नंबर लिहा आणि खाली जागा मोकळी ठेवा. कोणाला कधी सापडली तर लिहिता येईल. गावात अजून जुन्या सनदा आहेत, खरेदीखतं आहेत, आणि नव्वदीतल्या दोन-तीन आज्या आहेत. त्यांच्याकडे जायला लागेल, आणि तेही लवकर.

अध्यक्षसाहेब घड्याळाकडे बघताहेत, म्हणून व्यवहाराचं तेवढं सांगते. माझं परतीचं विमान गुरुवारी आहे. उद्या सकाळी साडेसातला मी जुन्या इमारतीत येणार आहे. मोजायची टेप, खडू आणि वह्या मी घेतल्या आहेत. चित्रकलेच्या सरांनी नकाशा काढायचं कबूल केलं आहे. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत असे दहा-बारा जण आले तर दुपारपर्यंत नंबर घालून होतील. मामा किल्ली घेऊन येणार आहेत. ते म्हणाले, वर चढायला शिडी लागेल, पण तुमच्यातल्या कोणीही तिसऱ्या पायरीच्या वर जायचं नाही, वरचं मी बघतो.

मामांचं वय एकोणऐंशी आहे, तेव्हा कोणीतरी तरुण जरूर या.